दुखत नसेल तर घरी जा

सरांना माणसाचं तोंड लक्षात राहत नसे. नाव तर त्याहून नाही. सख्ख्या पुतणीच्या लग्नात नवरदेव पाया पडायला वाकला, तेव्हा आशीर्वाद द्यायचा सोडून सर म्हणाले, "टाचा उचल जरा." नवरदेव बिचारा मुंडावळ्या सावरत चवड्यांवर उभा राहिला. सर त्याच्या मागं गेले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, बघितलं आणि पुतणीला म्हणाले, "चांगलं हाय पोरगं. टाच आत वळती." मांडवात सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी खरंच तपासलं होतं.

अंबाजोगाईत त्यांचं हाडांचं छोटं हॉस्पिटल होतं. खाली ओपीडी, मागं शहाबादी फरशीचं अंगण, वर ऑपरेशन थिएटर आणि पेशंटच्या खाटा. मी तिथं फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले तेव्हा पंचविशीत होते. त्याआधी दोन-तीन ठिकाणी मुलाखतीला गेलते. तिथं आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न बदलायचा. आम्ही पाली गावचे, बौद्ध. वडील पाटबंधारे खात्यात शिपाई. सरांनी आडनाव विचारलंच नाही, कारण विचारून उपयोग नव्हता, त्यांच्या लक्षात राहिलं नसतं. सर्टिफिकेटं बाजूला सारून त्यांनी माझी डावी चप्पल मागून घेतली आणि उलटी करून बघितली.

"बाहेरून झिजली हाय. कंबर दुखती का?"

"नाही सर."

"दुखंल. उद्यापासनं ये."

तेव्हापासून त्यांच्यासाठी मी 'ताई'. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत आलं नाही, आणि कंबर खरंच दुखायला लागली.

सर एमएस झालेले, मुंबईत शिकलेले, पण बोलणं घाटनांदूरच्या त्यांच्या घरच्या कापडदुकानातलं. लग्न केलं नव्हतं. हॉस्पिटलच्याच वरच्या एका खोलीत राहायचे आणि महिन्यातून एखाद्या रविवारी धाकट्या भावाकडं घाटनांदूरला जाऊन यायचे. खाणं म्हणाल तर शेंगा आणि गूळ. एप्रनचे दोन्ही खिसे टरफलांनी भरलेले असत. धुणारी बाई मला म्हणायची, "डॉक्टर हाय का खारूताई?"

अंगणात पाण्यानं भरलेली एक पत्र्याची परात असे. पायाची तक्रार घेऊन आलेल्या माणसानं चपला काढायच्या, परातीत पाय बुडवायचे आणि फरशीवरून सरळ चालत जायचं. मागं ओले ठसे उमटत ते सर वाकून वाकून बघत. चांगल्या पायाचा ठसा मध्ये कंबरेत निमुळता होतो. सपाट पायाचा अख्खा उमटतो, भाकरी थापल्यासारखा. उन्हाळ्यात ठसे बघता बघता सुकायचे. मग सर पेशंटच्या मागं मागं जवळजवळ धावत. पहिल्यांदा आलेली माणसं ओट्यावरून हा प्रकार बघत बसायची. चोराचा माग काढतंय जणू, असं कुणीतरी म्हणायचंच.

सपाट पायाचे पुष्कळ लोक यायचे. त्यातल्या बहुतेकांचा पाय लवचीक असतो. म्हणजे बसलेलं असताना तळव्याला कमान दिसते, उभं राहिलं की ती बसते, आणि चवड्यांवर उभं केलं की पुन्हा वर येते. अशा पायाचं बहुधा काहीच करायला लागत नाही. सर एकच विचारायचे.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"मग घरी जा."

एवढ्यासाठी कुणी माजलगावहून, कुणी गेवराईहून दोन बस बदलून आलेलं असायचं. पोरांच्या आया ऐकायच्या नाहीत.

"अवो साहेब, बूट तरी लिहून द्या. आमच्या शेजारणीच्या पोराला दिलेत."

"मग शेजारणीकडं जावा."

"न्हाई, पण पाय बघा की कसा पाटीवानी हाय."

"पाटी हाय तर अभ्यास करू द्या त्येच्यावर. पळतंय ना? झाडावर चढतंय ना? मग त्येच्या पायाला कावून तरास देता?"

मी सरांना म्हटलं होतं, असं तोडून बोललं तर लोक यायचे नाहीत. सर म्हणाले, "आलेत ते कमी हायत का?" कमी नव्हते. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की मी भिंतीला टेकून उभी राहायचे आणि घरी जायला पाऊल उचलायचं जिवावर यायचं. सर तेव्हा एक्स-रे लावून त्याच्याशी भांडत बसलेले असत. मोठ्यानं. "तू तिकडं कावून गेलास बे?" हे एखाद्या हाडाला उद्देशून असायचं.

ज्याला खरंच दुखत असेल त्याला मात्र वेगळी शिक्षा होती. त्याला सर समोर बसवून सगळं सांगायचे. काय काय करता येतं, कसं करतात, आणि करताना काय काय बिघडू शकतं. दुसरे डॉक्टर पेशंटला ऑपरेशनला तयार करतात, आमचे सर त्याला ऑपरेशनपासून पळवून लावायचा प्रयत्न करायचे. इतकं ऐकूनही जो उठून जात नाही त्याचंच ते करायचे. आणि केलं की असं करायचे की लातूर, परभणीचे डॉक्टर बघायला यायचे.

पोलीस भरती जवळ आली की आमच्या जिल्ह्यातली पोरं स्वतःच्या पायांकडं बघायला लागतात. दोन-दोन वर्षं मैदानावर घाम गाळलेला असतो आणि मग कुणीतरी सांगतं, तुझे पाय सपाट हायत, मेडिकलला काढतील. त्या दिवसांत आमच्या अंगणात रांग लागायची. "सर, कमान करून द्या," असं केस कापायला सांगावं तसं सांगायची पोरं. दुखत नाही म्हटलं की सर घरी पाठवतात हे त्यांना आपसांत कळलेलं असायचं. मग ती दुखतंय म्हणायची. सर तळव्याच्या आतल्या बाजूला अंगठ्यानं दाबायचे.

"दुखतंय?"

"लई."

"खोटं बोलतोयस बे. दुखल्यावर आधी पाय आखडतो, मग माणूस बोलतो. तू आधी बोललास."

पोरं शिव्या देत जायची. एकदा एका पोराच्या चुलत्यानं परातीला लाथ मारली, सगळं पाणी ओपीडीत आलं. सरांनी ते पुसून घेतलं आणि पुढच्याला बोलावलं. "न दुखत्या जागी डागणी द्यायची नसती," एवढंच ते म्हणाले. त्यांच्या लहानपणी घाटनांदूरला पोट दुखलं तरी पोटावर बिब्ब्याचा डाग द्यायचे. स्वतः सरांच्या पोटावर तसे डाग होते.

सरांनी परत पाठवलेला केजकडचा एक मुलगा एका मोठ्या शहरात गेला आणि तिथल्या कुठल्याशा डॉक्टरकडून घोट्याखालच्या पोकळीत स्क्रू बसवून आला. वाढत्या वयातल्या मुलांमध्ये कधी कधी तो उपाय करतात, नंतर काढूनही टाकतात. हा विशीतला, काही दुखत नसलेला. आता मात्र दुखायला लागलं होतं. पायरी उतरताना तो कठड्याला लोंबकळायचा. सरांनी स्क्रू काढला. टाके निघाले त्या दुपारी तो मुलगा अंगणात बसून रडला. पायासाठी नाही, त्या वर्षीची भरती निघून गेली म्हणून. सर त्याच्याशेजारी ओट्यावर जाऊन बसले. त्यांना समजूत घालता येत नसे. त्यांनी शेंगा फोडल्या, दाणे त्याच्या पुढ्यात ठेवले आणि ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत तिथंच बसून राहिले. आत पेशंट ताटकळत होते. मी दोनदा बोलवायला गेले, दोनदा त्यांनी नुसता हात हलवला.

हे सगळं ऐकून सर फार न्यायी होते असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. ते थकलेले असत, आणि थकलेला माणूस ऐकायच्या आधीच उत्तर देतो. प्रतीक्षाच्या बाबतीत तेच झालं.

ती उमापूरची. भरतीच्याच रांगेत आली, पोरांच्या गर्दीत एकटी मुलगी. सरांनी विचारलं, दुखतंय का. ती नाही म्हणाली. दुखणं कबूल केलं की कागदावर कायमचा शिक्का बसतो, असं तिला मैदानावर कुणी सांगितलं होतं. सर म्हणाले घरी जा, आणि पुढच्याच्या पायांकडं वळले. तिच्या पोटऱ्या मला दगडासारख्या दिसल्या म्हणून मी तिला बाजूला घेतलं, पोटरी ताणायचे व्यायाम दाखवले, बुटात घालायचे आधार दिले. थोडे दिवस ती आली, मग यायची थांबली.

पुढच्या वर्षी ती आईला घेऊन आली. आई गावात अंगणवाडीच्या बाई म्हणून ओळखली जाणारी, बारीक, सावकाश बोलणारी.

"डॉक्टर साहेब, मागल्या साली तुमी हिला घरी जा म्हणलात. गेली. आता ही घरातल्या घरात भिंत धरून चालती."

सरांनी प्रतीक्षाला परातीत पाय बुडवायला सांगितलं नाही. खाली फरशीवर बसले आणि तिचे दोन्ही पाय एकामागून एक हातात घेऊन बघत राहिले. बराच वेळ. मग आईला म्हणाले, "तवा म्या नीट बघितलं न्हाई."

इतकंच. आईनं मान हलवली. 

तरी त्यांनी लगेच सुरी उचलली नाही. पुन्हा व्यायाम, पुन्हा बुटातले आधार, सहा महिने. प्रतीक्षा दर आठवड्याला उमापूरहून यायची. मी तिची पोटरी ताणायचे, ती छताकडं बघत दात आवळायची. पोटरी थोडी सैल झाली, दुखणं हललं नाही. तेव्हा सरांनी दोघींना समोर बसवलं आणि टेबलावर स्वतःचा पंजा पालथा ठेवला.

"ही टाच," ते मनगटाशी बोट लावून म्हणाले. "ही बाहेर कलली हाय, म्हणून मधली कमान बसली. पोटरीची शीर आखूड हाय, ती टाचंला वर ओढती. तवा पहिलं काम, ती शीर सैल करायची. नुसत्या त्येनं भागणार न्हाई. दुसरं असं, की टाचंचं हाड कापून आत सरकवायचं आन स्क्रूनं धरायचं. तिसरं, टाचंच्या हाडाला पुढल्या अंगानं काप घ्यायचा, त्या फटीत कमरंच्या हाडाची पाचर बसवून धातूच्या पट्टीनं धरायची. पाय बाहेरच्या अंगानं लांब झाला की कमान आपसूक उभी राहती. आन आतली शीर ढिली पडली असंल तर ती आवळायची."

"एवढं सगळं करणार?" आईनं विचारलं.

"न्हाई. हिला पोटरीची शीर आन पाचर. बाकीचं उघडल्यावर बघू."

"आन तो घोट्याखालचा स्क्रू?" प्रतीक्षा म्हणाली. तो तिनं मैदानावर ऐकलेला.

"त्येचं वय गेलं तुझं."

"सांधे जाम करत्यात म्हणं काही ठिकाणी."

"ते शेवटचं. पाय ताठ झाला, सांधा झिजला, की मग. दुखायचं थांबतं, पण पाय वळायचं बी थांबतं. तुझा वळतोय. वळतोय तवर सांधा मारायचा नसतो."

मग त्यांनी नेहमीप्रमाणं दुसरी बाजू काढली. पाचर सरकू शकते. हाड जुळायला वेळ लागतो. जखम चिघळते. करंगळीकडं बधिर राहतं. दीड-दोन महिने पाय जमिनीला लावायचा नाही, पुढं वर्षभर सूज येत-जात राहणार. आणि एवढं करून थोडं दुखणं उरेलही.

आई म्हणाली, "साहेब, तुमी करा म्हणता का नगं म्हणता?"

"मी नुसतं सांगतोय. पाय हिचा हाय."

प्रतीक्षानं खाली बघत विचारलं, "मग भरतीत चालंल का?"

 सर खोटं बोलू शकले असते, किंवा बघू पुढं म्हणू शकले असते. "मला न्हाई वाटत," ते म्हणाले. "आत पाचर, पट्टी असलेला पाय मेडिकलवाले घेतील असं मला न्हाई वाटत. पाय बरा व्हावा म्हणून करायचं असंल तर कर. भरतीसाठी करू नगं."

दोघी उठून गेल्या. आता यायच्या नाहीत असं मला वाटलं. पण काही आठवड्यांनी प्रतीक्षा व्यायामाला म्हणून आली आणि टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली, "ताई, मैदानावरच्या पोरींना सांगून आले, मी आता येत न्हाई. ऑपरेशन करून घेते."

"मग ऑपरेशन कशाला?"

"आईसंगं बाजारला जाता येत न्हाई. ती माझ्या पुढं चालती. मागं वळून वळून थांबती." तिनं डोळ्यांवर हात आडवा घेतला. "तिचं वय हाय का माझ्यासाठी थांबायचं?"

ऑपरेशनच्या दिवशी सरांनी मला थिएटरमध्ये बोलावून घेतलं. पोटरीची शीर सैल केल्यावर पाऊल किती वर येतं ते त्यांना माझ्याकडून बघून घ्यायचं असे. मी मास्क बांधून बाजूला उभी होते. सरांचे हात सावकाश, न थांबता चालत होते. पण ते सारखे भार बदलत होते. कधी टेबलाला मांडी टेकवायचे, कधी उजवा पाय उचलून डाव्यावर ठेवायचे. करकोच्यासारखं. तसे ते कायमच करायचे. ओपीडीतही एक पाय स्टुलावर ठेवून उभे राहायचे. त्यांच्या शंभर सवयींतली ही एक, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पाचर बसली, एक्स-रे बघितला, कमान उभी राहिलेली दिसली. टाके घालायच्या वेळी त्यांनी स्टूल मागितलं. थिएटरमध्ये त्यांनी बसून काम केलेलं आम्ही कुणी बघितलं नव्हतं.

मी हात धुऊन बाहेर आले तर सर जिन्याच्या पायरीवर बसलेले. थिएटरच्या चपला त्यांना काढता येत नव्हत्या. मी खाली बसून काढल्या. उजवा पाय घोट्याच्या आतून सुजून फुगलेला, तळवा पुरता सपाट, टाच बाहेर फेकलेली. दिवसभर दुसऱ्यांचे पाय हातात घेते मी, आणि रोज ज्या माणसासोबत काम करते त्याचा पाय त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते.

"सर, उभे राहा. टाचा उचला."

ते उठले. कठडा धरून चवड्यांवर चढायचा प्रयत्न केला. डाव्या पायाची टाच उचलली, आत वळली. उजवी उचललीच गेली नाही. मी हातानं वळवून बघितली. वळली नाही.

"कधीपासून?"

"आपले दोन्ही पाय सपाटच हायत लहानपणापासनं. दुखाया लागल्याला लई वर्षं झाली." ते पुन्हा बसले. "वळत होता तवा वेळ न्हवता."

"तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं."

"म्हणूनच." त्यांनी अंगठ्यानं सूज दाबून बघितली. "पेशंटला एकदा सांगतो मी काय काय बिघडतंय ते. मला रोज ठाऊक असतंय. भ्या वाटतं ताई."

त्यांच्या तोंडून असं काही ऐकायची मला सवय नव्हती.  मी दोन्ही चपला भिंतीला नीट लावून ठेवल्या आणि त्यांना हात देऊन खोलीपर्यंत नेलं.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, पण हॉस्पिटल लहान होतं. प्रतीक्षा प्लास्टर उशीवर ठेवून खाटेवर पडलेली असायची, तिच्या आईला जिन्यावरून सरांचं चढणं-उतरणं ऐकू यायचं. एका सकाळी सर राउंडला आले, प्लास्टर ठोकून बघितलं, बोटं हलवायला लावली आणि निघाले. तेवढ्यात प्रतीक्षा म्हणाली, "सर, तुमच्या पायाला काय झालंय?"

"काय न्हाई."

"दुखतंय का?"

खोलीतल्या इतर पेशंटनी माना वळवल्या. सर दारापर्यंत गेले.

"आमाला खोटं बोलू नगं म्हणता तुमी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी न्हाई म्हणले तर माझं एक वर्ष गेलं. तुमचं किती गेलं?"

तिच्या आईनं तिला गप्प बस म्हणून खुणावलं. सर दाराशी उभे होते, एक पाय दुसऱ्यावर. मग खाली बघत म्हणाले, "लई गेलं," आणि निघून गेले. त्या दिवशी त्यांनी ओपीडी लवकर बंद केली. लातूरला त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, त्याला फोन लावायला मला सांगितलं, कारण त्याचं नाव त्यांना आठवत नव्हतं.

लवचीक पायाचे सगळे उपाय आता मागं पडले होते. विद्यार्थ्यानं एक्स-रे बघून तेच सांगितलं जे सर स्वतः दुसऱ्याला सांगत आले होते. सांधे झिजलेत, ते एकमेकांना जोडून जाम करायला लागतील. सरांनी कंबरेखालीच भूल घेतली, पूर्ण झोपवू दिलं नाही. मी सोबत गेलते. पडद्याआडून ते सारखे बोलत होते. "घासलंस का नीट? सांध्यातली कूर्चा सगळी काढ. घाई करू नगं." त्या विद्यार्थ्याच्या कपाळावरचा घाम नर्स पुन्हा पुन्हा टिपत होती. शेवटी तो म्हणाला, "सर, आता मला करू द्या." मग सर गप्प झाले, आणि मी बघितलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. भुलीमुळं असेल.

हाड चांगलं जुळलं. दुखणं गेलं. त्यांना चालायला मीच शिकवलं, आणि ते पेशंट म्हणून फार वाईट होते. प्रत्येक व्यायामाला हरकत. पण थिएटरमध्ये ते पुन्हा उभे राहिले नाहीत. कारण मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाय व्हय म्हणतो. मी न्हाई म्हणतो." हॉस्पिटल त्यांनी एका तरुण सर्जनला चालवायला दिलं आणि घाटनांदूरला भावाकडं राहायला गेले. नवे डॉक्टर चांगले आहेत. पेशंटशी गोड बोलतात, सगळ्यांची नावं त्यांना पाठ असतात. अंगणातली परात त्यांनी काढली, आता ठसा मशीनवर उमटतो. मी अजून तिथंच आहे. दुसरीकडं कुठं जायचं हे ठरवायलाही ताकद लागते.

प्रतीक्षानं दुसऱ्या पायाचंही करून घेतलं, नव्या डॉक्टरांकडून. भरती तिला मिळाली नाही. तिनं फॉर्मच भरला नाही. गेवराईत औषधाच्या दुकानात दिवसभर उभी असते. मध्ये एकदा मी त्या बाजूला गेलते तर भेटले. म्हटलं, कसं काय. म्हणाली, "संध्याकाळी थकायला होतं ताई. पण नुसतं थकायला." आम्ही दोघी हसलो. आमच्या धंद्यात याहून मोठी बातमी क्वचित मिळते.

सर गेले ते यंदा उन्हाळ्यात. दुपारी भावाचा फोन आला. "ताई, दादा गेला. जेवून पडला, उठलाच न्हाई." मी हातातला पेशंट तसाच सोडून निघाले.

घरासमोर माणसं जमली होती. पुढच्या खोलीत सरांना अंघोळ घालून नवं धोतर नेसवलं होतं, कपाळाला विभूती लावली होती. लिंगायतांमध्ये माणसाला मांडी घालून बसवतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. भिंतीशी पाट मांडून त्यांना बसवलं होतं, दोघांनी खांद्यांना धरलं होतं. डाव्या पायाची मांडी बसली होती. उजवा ऐकत नव्हता. दोन माणसं त्यांचं पाऊल धरून वळवू बघत होती, जोर लावत होती, आणि पाऊल वळत नव्हतं. शेजारी विधीसाठी आलेले स्वामी उभे होते. कुणीतरी म्हणालं, "आजून जरा दाबा, बसंल."

मी दारातूनच बोलले. "दाबू नका."

सगळ्यांनी वळून बघितलं. एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी विचारलं, "ह्या कोण?"

"दादाच्या हॉस्पिटलातल्या ताई," भाऊ म्हणाले.

"कुणाच्या?"

मुलाखतींत आडनावामागं यायचा तोच हा प्रश्न, मला नवा नव्हता. मी उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. भावानं क्षणभर त्या म्हाताऱ्याकडं बघितलं. आयुष्यभर कापड मोजलेला मवाळ माणूस, कुणाला उलटून बोललेला मी कधी पाहिला नव्हता.

"दादाच्या," ते म्हणाले. "या ताई, आत या. तुमीच सांगा आमाला."

मी आत गेले. खाली बसले. त्या दोघांना पाऊल सोडायला सांगितलं. "हे सांधे जोडलेले आहेत, इथून वळणार नाहीत. वरून घ्या." मी गुडघ्याखाली हात घातला आणि मांडी खुब्यातून सावकाश बाहेर उघडली. अंग अजून आखडलं नव्हतं. गुडघा वाकला. पाऊल जसं होतं तसंच राहू दिलं, ताठ, थोडं पुढं. घोट्याखाली आधार हवा होता. भावानं खांद्यावरचा टॉवेल काढून दिला. तो घडी करून मी खाली सारला आणि दोन्ही हातांनी टाच त्यावर टेकवली.

"आता सोडा," मी म्हटलं.

खांदे धरलेल्या माणसांनी हात सैल केले. सर बसले. स्वामींनी बेलाचं पान उचललं आणि मंत्र म्हणायला सुरुवात केली. मी उठायला गेले तर भाऊ हळूच म्हणाले, "बसा ताई तितंच." मी टाचेवरचा हात काढला नाही.